बॅटरी सोडून चार्ज करावी की जोडलेलीच?

दिवसभर बंडी ओढून आलेल्या बैलास आपले वडीलधारे प्रथम जुवातून मोकळा करीत, घटकाभर दम खाऊ देत आणि मगच त्याच्यापुढे वैरण टाकीत. जुंपलेल्या बैलालाही पेंढी खाता येते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. बाजाराच्या दिवशी उभ्या बंडीपाशी ते तसे करीतही असत. परंतु केव्हा सोडून चारावे आणि केव्हा जुंपलेल्या स्थितीत चारले तरी चालेल, याचा विवेक त्यांच्यापाशी होता. आज बैलाचे पुष्कळसे काम ट्रॅक्टर करू लागला आहे, आणि त्या ट्रॅक्टरला जाग आणणारी वस्तू म्हणजे बॅटरी. बॅटरीलाही वैरण लागते, ती विजेची. मात्र ही वैरण बॅटरी सोडून द्यावी की जोडलेलीच ठेवून द्यावी, याविषयीचा विवेक आपल्या गावांत अद्याप पुरेसा रुजलेला नाही, असे धनज व आसपासच्या खेड्यांत काम करीत असताना मला वारंवार दिसून आले आहे.

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पीकसंरक्षण, बियाणे, खते यांसारखे मोठे विषय सोडून कृषी अधिकाऱ्याने बॅटरीच्या चिमट्यांविषयी का लिहावे, असेही कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, कारंजा तालुक्यातील मध्यम स्थितीच्या शेतकऱ्याच्या घरी आज एक नव्हे तर तीन-तीन बॅटऱ्या नांदत आहेत. एक ट्रॅक्टरमध्ये, दुसरी पाठीवरच्या फवारणी पंपात आणि तिसरी वावराच्या धुऱ्यावर लावलेल्या झटका यंत्रात. तिघींचे खाद्य एकच असले तरी ते देण्याची रीत एक नाही. पहिली जोडलेल्या स्थितीत चार्ज केली तर काही अटींवर चालते. दुसरी जोडलेलीच चार्ज करावयाची असते. आणि तिसरी घरच्या विजेवर जोडलेल्या स्थितीत कदापि चार्ज करता कामा नये. हा भेद जाणून न घेतल्यास नुकसान केवळ यंत्राचे होत नाही, माणसाच्या जिवाचेही होते.

बॅटरीच्या पोटात काय घडते

ट्रॅक्टरमध्ये असते त्या प्रकारच्या शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडवून ठेवावयाच्या, हे तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. अशा एका घरात सुमारे दोन व्होल्ट दाब निर्माण होतो. म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली असता १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते. तो १२ व्होल्टच्या खाली उतरला म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे.

चार्ज करताना वीज उलट दिशेने आत सोडली जाते. बॅटरी भरत आली आणि दाब १४.४ व्होल्टच्या पुढे सरकला, की आत येणारी वीज साठविली जाण्याऐवजी पाण्याचे विघटन करू लागते. त्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन, म्हणजे जुन्या शालेय पुस्तकांतील उद्‌जन, हे दोन वायू बाहेर पडतात. बॅटरी ‘उकळते’ असे आपण म्हणतो, ते हेच. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. तो हवेहून सुमारे चौदा पट हलका असल्यामुळे वर चढतो आणि मोकळ्या जागी क्षणात पांगून जातो. परंतु बंद खोलीत तो छपराखाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण शंभरात चार भाग झाले की ते मिश्रण पेट घेण्यास योग्य होते, आणि पेटण्यासाठी डोळ्यांस जेमतेम दिसेल एवढी ठिणगीही पुरते.

तेव्हा बॅटरी चार्ज करण्याच्या सुरक्षिततेचे सारे शास्त्र दोन वाक्यांत सांगता येईल. वायू साचू देऊ नये, आणि बॅटरीपाशी ठिणगी पडू देऊ नये. पुढे जे जे नियम येतील ते या दोहोंचाच विस्तार होत.

ट्रॅक्टरची बॅटरी

ट्रॅक्टर चालू असताना त्याचा डायनॅमो किंवा अल्टरनेटर बॅटरी चार्ज करीतच असतो, आणि त्या वेळी बॅटरी अर्थातच जोडलेली असते. मग बाहेरच्या चार्जरने जोडलेल्या स्थितीत चार्ज केले तर काय बिघडले, असा प्रश्न एका सुशिक्षित तरुण शेतकऱ्याने मला विचारला होता. प्रश्न बिनतोड होता. फरक इतकाच की, ट्रॅक्टरच्या अंगच्या व्यवस्थेत दाब सुमारे चौदा व्होल्टवर रोखून धरणारा नियामक असतो. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या साध्या चार्जरमध्ये तो असेलच असे नाही. बॅटरी भरल्यावर आपोआप न थांबणारा चार्जर रात्रभर चालू राहिला तर दाब वाढत जातो, पाणी आटते, वायू निघत राहतो, आणि त्याच तारांवर असलेल्या मीटर, दिवे व इलेक्ट्रॉनिक भागांनाही तो वाढीव दाब सोसावा लागतो. चिमटे चुकून उलटे लागले तर अल्टरनेटरमधील डायोड क्षणात जळतात.

आमच्या भागातील एका शेतकऱ्यावर गुदरलेला प्रसंग येथे सांगणे अवश्य वाटते. पेरणीच्या तोंडावर त्याचा ट्रॅक्टर सुरू होईना. पत्र्याच्या बंद खोलीत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरलाच त्याने रात्री चार्जर लावला आणि दार ओढून घेतले. पहाटे घाईघाईने आत जाऊन, चार्जरचे बटन बंद न करताच, बॅटरीवरचा चिमटा ओढला. ठिणगी पडली आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन बॅटरीचे झाकण फुटले. आम्ल तोंडावर व छातीवर उडाले. सुदैवाने कोठ्यापुढे ढोरांचा हौद भरलेला होता. त्याच्या भावाने त्यास तसाच ओढत नेऊन डोळ्यांवर सतत पाणी ओतले, आणि मग दवाखान्यात नेले. डोळे वाचले. नंतर भेटलो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मी तर बॅटरी जागची हलविलीसुद्धा नव्हती, मग असे कसे झाले?” बॅटरी हलविण्यात धोका आहे आणि न हलविण्यात नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. वस्तुतः धोका हलविण्या-न हलविण्यात नव्हता. तो बंद खोलीत आणि चिमटे काढण्याच्या चुकलेल्या क्रमात होता. कोकणातील यांत्रिक नौकांवर इंजिनाची जागा अरुंद व खोल असते. तेथे बॅटरी चार्ज करताना झडपा उघड्या ठेवाव्या लागतात त्या याच कारणाने. आपली पत्र्याची खोली दार लावल्यावर नौकेच्या पोटाहून वेगळी राहत नाही.

यास्तव माझे मत असे की, ट्रॅक्टरची बॅटरी दर वेळी उचलून बाहेर काढण्याची आवश्यकता नाही. ती जड असते, उचलताना तिरपी झाली तर आम्ल सांडते, आणि परत बसविताना पट्टी ढिली राहण्याचा संभव असतो. परंतु ट्रॅक्टर उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशा छपरीत आणावा. किल्ली काढावी, दिवे बंद असल्याची खात्री करावी. त्यानंतर सांगाड्यास जाणारी पट्टी, म्हणजे ज्यास आपण अर्थची पट्टी म्हणतो ती, बॅटरीच्या टोकावरून सोडावी. बहुतेक ट्रॅक्टरांत ती ऋण टोकावर असते. काही जुन्या यंत्रांत याच्या उलट असते, म्हणून केवळ रंगावर विसंबून न राहता पट्टी कोणत्या टोकावरून सांगाड्याकडे जाते ते डोळ्यांनी पाहावे. हीच पट्टी प्रथम सोडावयाची व सर्वांत शेवटी जोडावयाची, कारण दुसरे टोक प्रथम सोडू गेल्यास हातातला पाना सांगाड्यास लागून मोठी ठिणगी पडते. ही एक पट्टी सुटली की बॅटरी जागीच राहूनही ट्रॅक्टरच्या तारांपासून मोकळी होते. बैल जागेवरच आहे, फक्त जू उतरले, असे म्हणावे.

आता चार्जरचा धन चिमटा धन टोकास व ऋण चिमटा ऋण टोकास लावावा आणि सगळ्यांत शेवटी चार्जरचे बटन चालू करावे. काढताना याच्या उलट. प्रथम बटन बंद, पाच-दहा मिनिटे वायू पांगू देणे, आणि मग चिमटे. काही कारणाने अर्थची पट्टी सोडणे शक्य नसेल, चार्जर भरल्यावर आपोआप थांबणारा असेल आणि ट्रॅक्टर उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी मुभा असेल, तर जोडलेल्या स्थितीतही चार्ज करता येते. त्या वेळी, ऋण टोक सांगाड्यास जोडलेल्या ट्रॅक्टरवर, प्रथम धन चिमटा बॅटरीच्या धन टोकास लावावा. ऋण चिमटा मात्र बॅटरीवर न लावता तिच्यापासून व डिझेलच्या नळीपासून दूर, सांगाड्याच्या स्वच्छ लोखंडास लावावा, म्हणजे ठिणगी पडलीच तरी ती वायूपासून दूर पडेल. काढताना बटन बंद करून प्रथम सांगाड्यावरचा चिमटा काढावा. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून तारा जोडून इंजिन सुरू करतानाही शेवटचा चिमटा याच रीतीने सांगाड्यासच लावावा.

प्रवाह किती सोडावा यास एक सोपे माप आहे. बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्शाइतका. ८८ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर आठ-नऊ अँपिअर. घाई म्हणून दुप्पट-तिप्पट प्रवाह देणे म्हणजे उपाशी बैलापुढे एकदम पोतेभर सरकी ओतणे होय. बॅटरीचे अंग हातास चटका देण्याइतके तापले, तर चार्जिंग थांबवावे. आपल्याकडे वैशाखात दुपारचे तापमान ४४-४५ अंशांवर जाते. त्या दिवसांत हे काम सकाळीच उरकणे इष्ट. पाणी कमी झाले असल्यास बॅटरीचे शुद्ध पाणीच घालावे. आम्ल घालू नये, विहिरीचे अथवा नळाचे पाणी तर मुळीच नाही. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे व उरलेली पातळी चार्जिंगनंतर पुरी करावी.

येथेच आणखी दोन वाईट रूढींचा उल्लेख करतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची पट्टी काढावयाची आणि ‘डायनॅमो धरतो की नाही’ ते पाहावयाचे, ही काही कारागिरांची पद्धत आहे. तिने दाब एकाएकी उसळतो आणि इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होतात. तद्वतच ट्रॅक्टरच्या अंगावर वेल्डिंग करवून घेताना बॅटरी जोडलेली ठेवणे हेही घातक आहे. दोन्ही प्रसंगी कारागिरास स्पष्ट नकार देण्याचा अधिकार ट्रॅक्टरच्या मालकास आहे, आणि तो त्याने बजावला पाहिजे.

फवारणी पंपाची बॅटरी

पाठीवरच्या बॅटरी पंपाने हाताने दांडा मारण्याचे कष्ट वाचविले, यात शंका नाही. २०२४ मध्ये कापूस व सोयाबीन उत्पादकांसाठीच्या विशेष कृती योजनेतून असे पंप पूर्ण अनुदानावर देण्यात आले, तेव्हा ते लहान शेतकऱ्यांच्या घरांतही पोहोचले. या पंपातील बॅटरी टाकीच्या तळाशी बंदिस्त असते आणि बाहेरच्या छिद्रात चार्जरची पिन घालून ती जोडलेल्या स्थितीतच चार्ज करावयाची असते. तेव्हा ‘सोडावी की जोडावी’ हा प्रश्न येथे उत्पादकानेच सोडविला आहे. उघडझाप करून तारा बाहेर काढण्याच्या फंदात आपण पडू नये.

मग धोका कोठे आहे? पहिला धोका चुकीच्या चार्जरचा. कित्येक पंपांत बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असते, तर काही नव्या पंपांत लिथियम जातीची. दोहोंचे चार्जर बाहेरून सारखे दिसले आणि पिनही सारखीच असली तरी त्यांचा स्वभाव भिन्न असतो. एकाचा चार्जर दुसऱ्यास लावल्यास लिथियम बॅटरी तापून पेट घेऊ शकते. चार्जर हरवला तर बाजारातून ‘बसेल तो’ न आणता, बॅटरीवरील लेबल वाचून त्याच जातीचा व त्याच मापाचा आणावा.

दुसरा धोका पाण्याचा. फवारणीहून आलेला पंप ओलसर असतो. पिनेच्या छिद्रात थेंब राहिलेला असतो. तो पुसून, वाळवून, पंपाचे बटन बंद आहे असे पाहून मगच चार्जर लावावा.

तिसरा धोका सर्वांत मोठा, आणि त्याचा विजेशी संबंध नाही. चार्ज करण्याच्या निमित्ताने पंप घरात येतो. विजेचे छिद्र बहुधा माजघरात किंवा निजण्याच्या खोलीत असते, म्हणून कीटकनाशकाने माखलेला पंप रात्रभर तेथे, कधी पोरांच्या अंथरुणाशेजारी, उभा राहतो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हापासून तोंडास फडके, हातांत मोजे यांविषयी आम्ही अधिकारी पुष्कळ बोललो; परंतु संध्याकाळी घरी आलेला पंप कोठे ठेवावा याविषयी फारच थोडे बोललो. आणि तो चार्जिंगला कोण लावतो? दमून आलेला घरधनी क्वचितच. घरची लक्ष्मी लावते, नाहीतर शाळेतून आलेला मुलगा लावतो; आणि त्यांच्या हातांत मोजे नसतात.

म्हणून पंप शेतातच, विहीर-नाल्यापासून दूर, तीन वेळा धुवावा, आणि चार्जिंगसाठी छपरीत किंवा कोठ्याच्या बाहेरच्या भिंतीस, पोरांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, पावसापासून आडोसा असलेले एक छिद्र वायरमनकडून कायमचे बसवून घ्यावे. त्यास अर्थिंग असावे, आणि शक्य तर गळती होताच वीज तोडणारे उपकरण असावे. हंगाम संपला म्हणजे पंप रिकामी बॅटरी ठेवून कोपऱ्यात टाकू नये. महिन्यातून एकदा चार्ज केल्यास पुढील जुलैत तो दगा देत नाही.

झटका यंत्राची बॅटरी

आता ज्या बॅटरीसाठी मी हा लेख मुख्यत्वे लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. आपल्या तालुक्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. हरणांचे कळप, रोही आणि रानडुकरे यांनी एका रात्रीत हरभऱ्याचे वा सोयाबीनचे वावर उद्ध्वस्त केल्याचे दुःख येथील प्रत्येक शेतकऱ्याने सोसलेले आहे. जागलीस जाणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी तो महिनोन्‌महिने जागू शकत नाही. अशा स्थितीत सौर झटका यंत्र हे मोठे वरदान ठरले. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतूनही सौर कुंपणास साहाय्य मिळू लागले.

हे यंत्र बॅटरीची वीज घेऊन कुंपणाच्या तारेत हजारो व्होल्टचा, परंतु सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता झटका सोडते. साधारण सेकंदास एक. दोन झटक्यांमध्ये तार निर्जीव असते, म्हणून जनावर वा माणूस दचकून मागे सरतो आणि सुटतो. घरच्या २३० व्होल्टच्या विजेचे तसे नाही. ती अखंड वाहते, स्नायू आखडून टाकते, आणि धरलेल्यास सुटू देत नाही. कुंपणात सरळ घरची वीज सोडणे हा यामुळेच मनुष्यवधाचा प्रकार ठरतो आणि कायद्याने गुन्हा आहे. हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु नकळतही तेच घडू शकते, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. सौर पाट्यातून वीज येत नाही, बॅटरी उतरते, झटका मंदावतो, आणि रानडुकरांस ते आपल्याआधी कळते. शेतकरी कासावीस होतो. मोटारीच्या पेटीतून वायर ओढून, यंत्रास जोडलेल्या त्याच बॅटरीवर घरच्या विजेचा चार्जर लावतो आणि कुंपणही चालू ठेवतो. एका रात्रीत दोन्ही कामे साधली असे त्यास वाटते. पण या क्षणी घरची वीज आणि कुंपणाची तार यांच्यामध्ये उभा असतो तो केवळ चार्जरच्या आतील ट्रान्सफॉर्मर. तो स्वस्तातला असेल, आतील तारेचे आवरण उन्हातान्हाने जळालेले असेल, अथवा पावसाचे पाणी आत शिरले असेल, तर २३० व्होल्टची वीज बॅटरीच्या तारांतून यंत्रात आणि यंत्रातून कुंपणात उतरू शकते. मग धुऱ्यावरून पहाटे जाणारा शेजारी, गवत कापणारी मजूर बाई किंवा आपलेच लेकरू यांच्या हाती जी तार लागेल ती झटक्याची राहिलेली नसेल. केवळ बॅटरीवर चालणाऱ्या कुंपणयंत्रांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकातही, असे यंत्र घरच्या विजेवरील कोणत्याही उपकरणास, बॅटरी चार्जरसही, जोडू नये अशी सक्त सूचना आहे.

म्हणून येथे माझे मत कोणतीही सवलत न ठेवता सांगतो. झटका यंत्राची बॅटरी सौर पाट्यावर जोडलेल्या स्थितीत चार्ज व्हावी, कारण तिची रचनाच तशी आहे. परंतु घरच्या विजेवर चार्ज करावयाची झाल्यास यंत्र बंद करून, सौर पाट्याची तार आधी व बॅटरीची नंतर अशा क्रमाने दोन्ही सोडून, बॅटरी घरी आणूनच चार्ज करावी. परत नेल्यावर प्रथम बॅटरी नियंत्रकास जोडावी, मग सौर पाटा. तेवढ्या रात्री कुंपण बंद राहील ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे दुसरी बॅटरी. एक कुंपणावर, एक घरी. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक जादा बॅटरी ठेवली तरी भागते, मात्र ती यंत्राच्या मापाची असावी. शिवाय पाटा आठवड्यास पुसला आणि तारेस टेकणारे गवत वेळीच कापले, तर बॅटरी उतरण्याचे प्रसंगच कमी होतात. तारेस लागलेले ओले गवत रात्रभर थोडी थोडी वीज जमिनीत वाहून नेत असते.

‘आजवर काही झाले नाही’

हे सारे सांगितले असता गावोगावी एकच उत्तर येते. “साहेब, दहा वर्षे असेच लावतो, आजवर काही झाले नाही.” या उत्तराची मी थट्टा करणार नाही. ते अनुभवाचे उत्तर आहे, आणि शेतकरी अनुभवावरच चालतो. मोकळ्या अंगणात वारा असतो, वायू उडून जातो. चार्जर नवा असतो, आवरण शाबूत असते. दहा वर्षे काही होत नाही ते म्हणूनच. पण खोलीचे दार एका पावसाळी रात्री लागते, चार्जर एका वर्षी जुना होतो, आणि त्या एका दिवशी मागील दहा वर्षांचा अनुभव कामास येत नाही. विळ्याने हात कापला तर जखम भरते. फुटलेल्या बॅटरीने गेलेली दृष्टी परत येत नाही.

दुसरे उत्तर पैशाचे असते. आपोआप थांबणारा चार्जर महाग पडतो, जादा बॅटरी परवडत नाही. हे खोटे नाही. परंतु या लेखातील बहुतेक नियमांस पैसा लागत नाही. ट्रॅक्टर दाराबाहेर आणण्यास, बटन आधी बंद करण्यास, अर्थची पट्टी सोडण्यास, पंप धुण्यास काय खर्च येतो? जेथे खर्च आहे तेथे तो प्रथम झटका यंत्रावर करावा, कारण तेथे धोका केवळ आपल्यापुरता नसून वाटसरूचाही आहे.

आता दोष केवळ शेतकऱ्याच्या पदरी टाकून मी मोकळा होऊ इच्छीत नाही. वर ज्याचा प्रसंग सांगितला त्या शेतकऱ्याने त्याआधीच्या हंगामात फवारणी पंप माझ्याच हातून नेला होता. मी त्याची कागदपत्रे तपासली, सही घेतली, छायाचित्र काढले. बॅटरी कशी चार्ज करावी याविषयी एक अक्षर बोललो नाही. त्या दिवशी रांग मोठी होती, हे खरे. पण दहा मिनिटे काढता आली असती. मी बोललो असतो तर तो अपघात टळलाच असता, असे मी म्हणत नाही. पण बॅटरीत वायू होतो आणि ठिणगीने तो पेटतो, हे एक वाक्य त्याच्या कानी तरी गेले असते.

कोणत्याही बियाण्याच्या पिशवीबरोबर आपण लागवडीची रीत सांगतो. मग यंत्राबरोबर ते सांभाळण्याची रीत का सांगू नये? यंत्राचे वाटप म्हणजे विस्ताराचे काम संपले, ही समजूत आम्ही अधिकाऱ्यांनीच टाकून दिली पाहिजे. जेथे जेथे पंप अथवा कुंपणयंत्र दिले जाईल तेथे अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक व्हावे, आणि त्यास घरातील स्त्रियांना व मोठ्या मुलांना अगत्याने बोलवावे, कारण बटन त्यांच्याच हातून दाबले जाते. गावातील बॅटरीवाले व वायरमन यांनाही त्यात सामील करून घ्यावे. त्यांचे शब्द आमच्या भाषणांहून अधिक ऐकले जातात. जुनी बॅटरी फोडून शिसे काढण्याचा उद्योगही तेथेच निषिद्ध ठरवावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती विक्रेत्याकडे परत द्यावी, उकिरड्यावर टाकू नये.

अपघात घडलाच तर काय करावे, हेही त्या अर्ध्या तासात सांगावे. आम्ल डोळ्यांत वा अंगावर उडाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सतत ओतावे, भिजलेले कपडे काढावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा. डोळ्यांस सोडा, तूप वा अन्य काही लावू नये. विजेने धरलेल्या माणसास हात लावण्यापूर्वी प्रवाह तोडावा, आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मृग लागण्यास आता थोडे दिवस उरले आहेत. बियाणे, खते यांची जुळवाजुळव चालूच असेल. त्यातून एक सकाळ काढावी. ट्रॅक्टरच्या बॅटरीची अर्थची पट्टी कोठे आहे ती पाहून ठेवावी, पंपाच्या चार्जरवरील लेबल वाचावे, छपरीत एक छिद्र बसवून घ्यावे, आणि कुंपणावर घरच्या विजेची वायर कोठून कधी नेली जाते का, याचा घरातील सर्वांशी बसून विचार करावा. नेली जात असेल तर ती त्याच दिवशी गुंडाळून ठेवावी. शंका वाटल्यास आमच्याकडे यावे. त्या वेळी रांग कितीही मोठी असली तरी दहा मिनिटे निश्चितपणे काढली जातील, एवढे आश्वासन मी माझ्यापुरते देतो.